लाइनवर कोण आहे

बत्तीस वर्षं मी खोकला गिळला.
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये कानावर हेडसेट,
आणि पलीकडे कुणाचा तरी बाप
मिरजेला शेवटचं मोजत असायचा.
अशा वेळी ऑपरेटरनं खोकायचं नसतं.
घसा आवळायचा, म्हणायचं, 'थांबा, लाइन देते.'
गिळलेला खोकला मग जातो कुठे,
हे तेव्हा ना युनियननं विचारलं ना मी.

पहिल्यांदा टीबी म्हणाले.
थुंकीत लाल काड्या दिसल्या, म्हणजे झालंच.
सहा महिने गोळ्या, लघवी केशरी, तोंड कडू.
सुनेनं माझ्या पेल्याच्या बुडाला
नेलपॉलिशचा ठिपका दिला. तिचंही बरोबर होतं,
घरात दोन वर्षांचा ओजस.
दुसऱ्यांदाही टीबीच म्हणाले,
फक्त जरा मोठ्या आवाजात.
वजनकाट्यावर तोवर अडतीस.

मग नाना पेठेतल्या डॉक्टर खंबाटा.
त्यांनी जुन्या फायली टेबलभर पसरल्या,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
'मायक्रोस्कोप हो म्हणतो, मशीन नाही म्हणतं.
समजा, दोघंही खरं बोलतायत. मग?'
मग क्रॉस कनेक्शन, मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

सीटीवर बोट ठेवून त्यांनी दाखवलं,
ही फांदी, ह्या कळ्या.
माझ्याच्यानं गॅलरीतली तुळस जगत नाही
आणि छातीत हे.

तीन पहाटे, तीन डब्या, डबीवर नाव: कुमुदिनी धायगुडे.
सातव्या दिवशी लॅबमधल्या रेहाना मुजावरचा फोन.
'काकू, उगवलं.'
उगवलं म्हणाली, जशी काही मेथी पेरली होती.
जंतूचं नाव एवढं लांब की
फॉर्मच्या चौकटीतून बाहेर लोंबत होतं.
टीबीचा लांबचा चुलतभाऊ, डॉक्टर म्हणाल्या,
नळात राहतो, गिझरात, कुंडीतल्या मातीत.
माणसाचा माणसाला सहसा लागत नाही.
मला आधी पेला आठवला, मग रडू आलं.

नव्या औषधांत एक इंजेक्शन कानावर जाणारं.
म्हणून दर पंधरवड्याला काचेच्या खोलीत बसवायचे,
हेडफोन चढवायचे. आवाज आला की बटण दाबा.
मी पाठ ताठ केली. सवय जात नाही.

चौदाव्या आठवड्यात उजव्या कानात डायल टोन लागला.
रात्रभर, कुणी रिसिव्हर काढून ठेवावा तसा.
दोन दिवस गिळला तोही. तिसऱ्या दिवशी सांगितलं.
इंजेक्शन थांबलं, तेच औषध वाफेतून सुरू झालं.
पण वरचा एक सूर गेला तो गेलाच.
ओजसच्या बुटातली पिपाणी आता
त्याच्या पायाकडे बघून ऐकावी लागते.

परवा रेहानाचा फोन. डाव्या कानाला लावला.
'काकू, काही उगवलं नाही.'
ह्या दिवसापासून बारा महिने मोजायचे,
मध्ये एकदा जरी उगवलं
तर पुन्हा एकपासून.
कॅलेंडर मी उलटं टांगलंय, आकडे बघायचे नाहीत म्हणून.
सून रोज सरळ करते.
पेल्यावरचा ठिपका अर्धा उडालाय.
उरलेला ना तिनं खरवडला ना मी.

आणि हे एक नवीनच:
सकाळी वीस मिनिटं खोकायचं. मुद्दाम. पोटातून.
फिजिओची मुलगी पाठीवर थापट्या मारत म्हणते,
'आजी, लाजू नका, काढा बाहेर.'
पहिल्या दिवशी पदर तोंडाशी गेला.
आता नाही जात.
खालचे बापट टीव्ही मोठा करतात,
मी त्याच्याहून मोठ्यानं.